३२० लिहिलेला स्ट्रीम खरंच ३२० आहे का? रेकॉर्ड करताना क्वालिटी ओळखायच्या पद्धती समोरासमोर

इंटरनेट रेडिओच्या नावापुढे "३२० केबीपीएस, एचडी साउंड" असं झोकात लिहिलेलं असतं ना, तो आकडा कुणी मोजलेला नसतो, सेटिंगमध्ये भरलेला असतो. आइसकास्ट, शाउटकास्ट असले सर्व्हर आवाज सुरू व्हायच्या आधी प्लेअरला थोडी माहिती पाठवतात, त्यात स्टेशनचं नाव, प्रकार आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा येतो तो आकडा, केबीपीएस म्हणजे किलोबिटमध्ये) अशा ओळी असतात, आणि बिटरेटची ओळ बहुतेक वेळा स्टेशनवाल्याने जे लिहिलं तेच सांगते. खरा स्ट्रीम ९६ चा असला तरी प्लेअर बापडा ३२० दाखवत बसतो. बरं, समजा खरंच ३२० येतोय, तरी तो आवाज आधी कुठून कुठून फिरून आलाय हे त्या आकड्यावरून काही कळत नाही.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, माझ्यापर्यंत सेकंदाला किती डेटा येतोय. दोन, त्या डेटात मूळ आवाज कितपत शिल्लक राहिलाय. पहिल्याचं उत्तर साध्या भागाकाराने मिळतं, दुसऱ्याला डोळे आणि कान दोन्ही लागतात, आणि दोन्ही अधूनमधून फसवतात.

गोव्यात हा विषय ठरावीक महिन्यांत निघतोच. श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह, चोवीस तास भजन, मग चवथ (गणेशचतुर्थी) आणि घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या, त्याच्या मागून जत्रा आणि देवळादेवळांतून लाइव. शिवाय आकाशवाणी पणजीवर एखादं जुनं नाट्यगीत लागतं ते ठेवून द्यावंसं वाटतं. कुवेतला किंवा दुबईला बसलेला भाऊ मागतोय म्हणून कुणीतरी रेकॉर्ड करतं आणि नंतर ऐकल्यावर म्हणतं "असं काय ऐकू येतंय, त्यावर तर ३२० लिहिलं होतं". तर कुठली पद्धत कशाला चालते आणि कुठे गंडवते ते बघू. खाली जी नावं येतील ती जवळपास सगळी फुकटात मिळतात, म्हणून पैशाचा विषय घेत नाही.

पकडायचं कसं: सरळ कॉपी, लूपबॅक की मोबाइल

तपासणीच्या आधी हे ठरवायला पाहिजे, कारण पकडतानाच घोळ घातला तर पुढे तपासता ती तुमच्या कॉम्प्युटरची करामत, स्टेशनचा आवाज नव्हे.

सरळ कॉपी म्हणजे सर्व्हरकडून जे बाइट येतात ते तसेच्या तसे फाइलीत उतरवायचे, मध्ये उलगडायचं नाही की परत आवळायचं नाही. एफएफएमपेगमध्ये (कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) कोडेकच्या, म्हणजे आवाज आवळायच्या पद्धतीच्या, जागी कॉपी म्हटलं की झालं. कमांड लिहायचा कंटाळा असेल तर व्हीएलसीमध्ये व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू करा, लाल गोल बटण दिसतं, ते दाबलं की स्ट्रीम आहे तसा सेव्ह होत राहतो. शाउटकास्ट-आइसकास्टवरच्या एमपीथ्री स्टेशनांसाठी स्ट्रीमरिपर आहे, ते गाण्यागणिक फाइलीही तोडून देतं (तोडतं मात्र वाटेल तिथे, ख्यालाच्या मध्यावर सुद्धा). या पद्धतीत क्वालिटी एक कणही कमी होत नाही, आणि कोडेक, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), बिटरेट या सगळ्या खुणा फाइलीत शाबूत राहतात. पुढची निम्मी तपासणी या खुणांवर चालते.

लूपबॅक म्हणजे साउंडकार्डावरून स्पीकरकडे चाललेला आवाज मध्येच उचलायचा. विंडोजवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होस्ट म्हणून वासापी (विंडोजची आवाजाची वाट) निवडायचं आणि इनपुटमध्ये ज्याच्यापुढे लूपबॅक लिहिलंय ते घ्यायचं. याचा मोठा फायदा हा की जे ऐकू येतं ते सगळं पकडता येतं, स्ट्रीमचा पत्ता शोधायची भानगड नाही. पण व्हॉट्सॲपची टुंग भजनाच्या मधोमध कायमची बसते, विंडोजच्या ऑडिओ एनहान्समेंट चालू असतील तर त्यांनी आवाजाला लावलेली पावडर-लाली सुद्धा रेकॉर्ड होते, आणि स्ट्रीम ४४.१ किलोहर्ट्झचा व सिस्टम ४८ ची असेल तर मध्ये रूपांतर होतं. हे शेवटचं कानाला जाणवत नाही, त्याची फार काळजी नको. खरं नुकसान हे की फाइल बघून मूळ स्ट्रीम काय होता ते सांगता येत नाही, कारण तुमच्याकडे आहे ती नवी कोरी वेव्ह, म्हणजे न आवळलेली, फाइल. तीही अवाढव्य: १६ बिट ४४.१ स्टिरिओ वेव्ह तासाला ६३५ एमबी खाते, आणि साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास गाडी अडते. चोवीस तासांच्या भजनाला हे लक्षात ठेवा, फ्लॅकमध्ये (क्वालिटी न घालवता आवळणारा प्रकार) एक्स्पोर्ट करा नाहीतर तासातासाचे तुकडे पाडा.

लूपबॅक लावताना ब्लूटूथ हेडसेट काढून ठेवा. रेकॉर्डरने चुकून त्या हेडसेटचा माइक उघडला तर हेडसेट फोन कॉलच्या मोडमध्ये जातो, आवाज मोनो आणि अरुंद होतो, आणि माणूस स्टेशनला शिव्या घालत बसतो.

मोबाइल स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करणं यावर बोलायला नको. अँड्रॉइड १० पासून स्क्रीन रेकॉर्डरला फोनच्या आतला आवाज घेता येतो, पण ज्या ॲपने परवानगी नाकारली असेल तिथे नुसती शांतता रेकॉर्ड होते, त्यामुळे आधी मिनिटभर करून बघा आणि मगच सप्ताहाला लावा.

माझं मत सरळ आहे, स्ट्रीमचा पत्ता मिळत असेल तर सरळ कॉपी, नाहीतर लूपबॅक.

आकडे सांगणाऱ्या पद्धती: लेबल, मीडियाइन्फो, भागाकार

लेबलचं वर झालं, ते वाचा आणि विसरा.

मीडियाइन्फो (फाइलीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा व्हीएलसीतलं कोडेक इन्फॉर्मेशन हे लेबलपेक्षा खूप बरं, कारण ते प्रत्यक्ष फाइलीतल्या फ्रेम, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, वाचतं. एमपीथ्रीच्या प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावर तिचा बिटरेट लिहिलेला असतो, त्यामुळे तिथे थाप मारायला जागा नाही. व्हीएलसीच्या स्टॅटिस्टिक्स टॅबमध्ये चालू असताना किती डेटा आत येतोय तेही हलताना दिसतं.

एएसी या दुसऱ्या कोडेकमध्ये मात्र गंमत आहे. कमी बिटरेटचे बरेच स्ट्रीम एचई-एएसी असतात. त्यात गाभा निम्म्या सॅम्पल रेटला साठवतात आणि वरचा अर्धा पट्टा थोड्याशा सूचनांवरून प्लेअर नव्याने तयार करतो. स्ट्रीममधल्या फ्रेमच्या डोक्यावर फक्त गाभ्याचा रेट असतो, त्यामुळे एखादं टूल २२०५० हर्ट्झ दाखवतं, दुसरं ४४१००, आणि एचई-एएसीच्या दुसऱ्या आवृत्तीत तर गाभा मोनो असतो व स्टिरिओ सूचनांवरून उभा केलेला असतो, म्हणजे एक म्हणणार मोनो आणि दुसरं म्हणणार स्टिरिओ. आपापल्या जागी दोघंही बरोबर. असं दोन टूलमध्ये भांडण दिसलं की समजा एचई-एएसी आहे, आणि त्या वरच्या पट्ट्यातली चकाकी मूळ रेकॉर्डिंगमधून आलेली नाही.

भागाकार ही सगळ्यात साधी पद्धत आणि मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते. घड्याळ लावून दहा मिनिटं सरळ कॉपी करा आणि फाइलीचा आकार बघा, आकार भागिले वेळ म्हणजे बिटरेट. ६४ केबीपीएसला ४.८ एमबी, १२८ ला ९.६, ३२० ला २४ (विंडोज एमबी जरा वेगळ्या हिशेबाने मोजतो म्हणून थोडं कमी दिसेल, २४ च्या जागी २३ च्या आसपास). ३२० म्हणवणाऱ्याची फाइल दहा-अकरा एमबीवर थांबली तर विषय संपला.

दहा मिनिटंच का, तीस सेकंदात का नाही, तर आइसकास्ट तुम्ही जोडल्याबरोबर मागचा साठवलेला डेटा एका झटक्यात पाठवतो म्हणजे प्लेअर लगेच वाजायला लागतो. नेहमीच्या सेटिंगला हा झटका ६४ केबीचा (किलोबाइट, किलोबिट नव्हे) असतो, १२८ च्या स्ट्रीमचे चार सेकंद. तीस सेकंदांच्या मोजणीत चार सेकंद फुकटचे घुसले तर उत्तर बारा-पंधरा टक्क्यांनी फुगतं, दहा मिनिटांत ते नगण्य होतं. आणि वेळ घड्याळाची घ्या, प्लेअर दाखवतो ती नको, कारण सुरुवातीला लांबीची नोंद नसलेल्या एमपीथ्रीची लांबी बरेच प्लेअर बिटरेटवरूनच अंदाजाने काढतात. त्या लांबीने परत बिटरेट काढला तर आपण आपल्याच शेपटीमागे धावतो.

एचएलएसवाल्या, म्हणजे छोट्या छोट्या फाइलींच्या तुकड्यांतून येणाऱ्या, स्ट्रीमला (हल्ली रेडिओची बरीच ॲपं तशीच आहेत) अजून एक भानगड असते. तिथे एकाच कार्यक्रमाचे दोन-तीन दर्जे ठेवलेले असतात आणि नेट बघून प्लेअर खालीवर करत राहतो. जुलैतल्या पावसात आमच्याकडे नेट कसं असतं ते सांगायला नको, त्यामुळे लूपबॅकने तासभर केलेलं रेकॉर्डिंग अर्ध चांगलं नि अर्ध भिकार निघू शकतं आणि कुठे बदललं ते पटकन कळतही नाही. सरळ कॉपी करताना यादीतला सगळ्यात वरचा दर्जा पकडून ठेवला तर तो बदलत नाही, नेट गेलं तर सरळ खंड पडतो. मला खंड परवडतो, निदान दिसतो तरी.

डोळ्यांनी बघायचं: स्पेक्ट्रोग्राम

इथून दुसरा प्रश्न सुरू होतो, मूळ आवाज कितपत शिल्लक राहिलाय तो. स्पेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, फाइल ओढून टाकली की चित्र येतं: आडवी वेळ, उभी फ्रीक्वेन्सी, रंग म्हणजे जोर. ऑडॅसिटीतही ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम दिसतो आणि तिथे झूम जास्त चांगला मिळतो, पण नुसती नजर टाकायला स्पेक झटपट.

पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे वरून कापलंय कुठे. एमपीथ्री १२८ साधारण १६-१७ किलोहर्ट्झला कापलेला असतो, १९२ वाला १८-१९ पर्यंत जातो, ३२० वाला २० च्या आसपास. या १६ ला कारण आहे: एमपीथ्रीच्या रचनेत १६ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यासाठी वेगळं माप ठेवलेलंच नाही, तिथलं जपायचं तर खालच्या पट्ट्यांवरचा खर्चही वाढतो, म्हणून कमी बिटरेटला एन्कोडर (आवाज आवळणारं सॉफ्टवेअर) तो भाग सरळ टाकून देतो. तेव्हा डेटा ३२० चा येतोय आणि चित्र १६ ला सुरीने कापल्यासारखं सपाट असेल, तर कुणीतरी १२८ ची फाइल किंवा दुसऱ्याचा स्ट्रीम घेऊन ३२० ला फुगवलाय असं समजायला हरकत नाही. रिले करणाऱ्या स्टेशनांत हे सर्रास चालतं.

आता एक नमुना. एक स्टेशन आहे, नाव नको, ३२० म्हणतात आणि डेटाही खरोखर ३२० चाच येतो, भागाकारात पास. स्पेकमध्ये टाकलं तर १५ किलोहर्ट्झच्या वर काळोख, आणि त्या काळोखात बरोबर १९ वर एक केसासारखी बारीक सरळ रेघ, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, निवेदक बोलत असो की गाणं चालू असो. ती रेघ म्हणजे एफएमचा पायलट टोन. स्टिरिओ एफएम प्रसारणात १९ किलोहर्ट्झवर एक खूण पाठवतात, तिच्यावरून रेडिओला कळतं की हा स्टिरिओ आहे, आणि तिला धक्का लागू नये म्हणून कार्यक्रमाचा आवाज १५ च्या खाली ठेवतात. चांगला ट्यूनर ती रेघ गाळून टाकतो, स्वस्तातला थोडी सोडतो. म्हणजे या लोकांनी स्टुडिओतून लाइन घेतलेलीच नाही, एक एफएम ट्यूनर कॉम्प्युटरला जोडलाय आणि पुढे सगळं ३२० ला पाठवतायत. लेबल बरोबर, मीडियाइन्फो बरोबर, भागाकार बरोबर, आणि क्वालिटी घरच्या रेडिओइतकीच. हे फक्त चित्रातच सापडलं.

याच्या उलट, एफएमवर चालणाऱ्या स्टेशनचा स्ट्रीम १५ ला थांबलाय म्हणून त्याला लगेच खोटा ठरवू नका. बऱ्याच ठिकाणी ट्रान्समीटरसाठी तयार केलेला आवाजच पुढे नेटवर जातो. तो तेवढाच आहे, कुणी फुगवलेला नाही. आणि सॅम्पल रेट ३२ किलोहर्ट्झ असेल तर १६ च्या वर काही असूच शकत नाही, फ्रीक्वेन्सी सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतच जाते, ते गणितच आहे.

स्पेक्ट्रोग्राम फसतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. एक तेच एचई-एएसी. ४८ केबीपीएसचा स्ट्रीम चित्रात वरपर्यंत भरलेला दिसतो, कारण वरचा भाग खालच्याची नक्कल करून बसवलेला असतो. नवख्याला वाटतं वा, काय क्वालिटी. नीट झूम केलं तर मधल्या एका रेषेच्या वर पोत बदलतो, खालच्या स्वरांच्या रेघा स्वच्छ आणि वरच्या जरा दाणेदार, जणू परत छापलेल्या. ओपस हा आणखी एक कोडेक, तोही असाच, कमी बिटरेटला सुद्धा २० पर्यंत चित्र भरतो, त्यामुळे त्याला कापलेल्या उंचीवरून मापणं निरर्थक.

दुसरी फसगत जुन्या रेकॉर्डिंगची, आणि आपल्याकडे हीच जास्त. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या घ्या. त्यात आवाजच मुळात वरच्या पट्ट्यात फारसा नाही. स्पेकमध्ये गाणं खालीच दिसणार आणि तुम्ही म्हणणार काय भिकार स्ट्रीम. अशा वेळी गाणं बघायचंच नाही, तबकडीची खरखर बघायची. सुई घासते तो टिक-टिक आवाज मूळ रूपांतरात पार वरपर्यंत उभ्या बारीक रेघांसारखा जातो. त्या रेघा २० पर्यंत पोचत असतील तर निदान कमी बिटरेटच्या एमपीथ्रीतून हे गेलेलं नाही. सगळ्या रेघा १६ ला एकाच उंचीवर छाटलेल्या असतील तर कुठेतरी १२८ च्या एमपीथ्रीतून गेलंय. आणि रेघाच नसतील, एकदम गुळगुळीत असेल, तर कुणीतरी नॉइज रिडक्शन मारलंय, ज्यात खरखरीबरोबर आवाजाचं तेजही जातं. असा "स्वच्छ केलेला" स्ट्रीम मी सोडून देतो, खरखरवाला घेतो. ही आवड झाली, पण नंतर साफ करता येतं, गेलेलं परत आणता येत नाही.

फेकिन द फंक, ऑसीडीटेक्ट वगैरे निकाल देणारी सॉफ्टवेअर आहेत. ती फाइलींच्या ढिगातून संशयित बाजूला काढायला ठीक. रेडिओच्या रेकॉर्डिंगला, त्यात जुन्या गाण्यांना, ती उगाच खोटं म्हणतात. मी वापरत नाही.

कानांनी: काय ऐकायचं

"मला तर चांगलं वाटतंय" याने काही ठरत नाही, पण नेमकं काय ऐकायचं ते माहीत असेल तर कान चित्राच्या पुढे जातो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांना १५-१६ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही, त्यामुळे कापलंय कुठे यापेक्षा खालच्या पट्ट्यात काय वाट लागलीय ते रोजच्या ऐकण्यात जास्त महत्त्वाचं.

घुमट आरती ही यासाठी फार चांगली परीक्षा. घुमटाचा घुमारा खालचा, तो ६४ ला सुद्धा बरा येतो. शामेळ या साथीच्या तालवाद्याची काठी टकटकीत. खरी कसोटी कांसाळ्यांची, म्हणजे झांजांची. धातूचा आवाज, एकदम सुरू होणारा, वरच्या पट्ट्यात पसरलेला, एन्कोडरला सगळ्यात जड जाणारा. कमी बिटरेटला त्याचा "छण" जाऊन "छश्श" होतं, आणि नीट ऐकलं तर आघाताच्या किंचित आधी एक फुसकारा येतो. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करून आवळतो, एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची, आणि तुकड्याच्या शेवटी आघात असला की त्याची घाण तुकड्याच्या सुरुवातीपर्यंत पसरते. ऑडॅसिटीत झूम करून बघितलं तर आघाताच्या आधीच्या शांत जागेत ही कुजबुज दिसते सुद्धा. हे दिसलं की पुढे लेबल काहीही म्हणो.

तंबोरा दुसरा. चांगल्या स्ट्रीममध्ये तो सलग वाहतो, वाईटात बुडबुड-बुडबुड होतो. प्रेक्षकांच्या टाळ्या कमी बिटरेटला पत्र्यावरच्या पावसासारख्या एकजीव होऊन जातात, एक हात वेगळा ऐकू येत नाही. कीर्तनकाराचे स आणि श शिट्टी मारतात का तेही बघा.

ऐकायला वायरवाले हेडफोन घ्या. ब्लूटूथ स्वतःच आवाज परत एकदा आवळून पाठवतो, मग दोष कुणाचा ते कळत नाही. आणि दोन स्ट्रीम तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच बरा वाटतो. बरीच स्टेशनं याच जोरावर "एचडी" वाटतात, कॉम्प्रेसरने (मोठे-बारीक आवाज एका पातळीला आणणारं यंत्र) दाबून मोठं केलेलं असतं. फूबार२००० या प्लेअरला एबीएक्स या आंधळ्या चाचणीची जोड आहे, कुठला कुठला ते न सांगता वाजवतं, त्यात दहापैकी पाच-सहा बरोबर आले तर फरक तुम्हाला ऐकू येत नाही, गपचूप लहान फाइल ठेवा. कान तयार करायला रेडिओ पॅराडाइजसारखं स्टेशन बरं, तिथे तोच कार्यक्रम एएसी आणि फ्लॅक दोन्हीत मिळतो.

मोनो तपासायचं असेल तर ऑडॅसिटीत दोन चॅनल वेगळे करा, एक उलटा करा, दोन्ही मिसळा. पूर्ण शांतता आली म्हणजे मोनो. देवळातल्या लाइवचे बरेच स्ट्रीम असेच असतात, मिक्सरमधून एकच वायर आलेली असते. त्यात वाईट काही नाही, उलट मोनो ९६ हा स्टिरिओ ९६ पेक्षा चांगला वाजतो.

मग घ्यायचं काय

सप्ताहाचं भजन यूट्यूबवर लाइव चालू असेल तर घाई नसल्यास लाइव संपू द्या. चालू असताना साधारण एएसी १२८ च्या आसपास मिळतो, आणि डेटा वाचवायला १४४पी वर ठेवलंत तर आवाजही खालच्या दर्जाचा येऊ शकतो. व्हिडिओ नंतर प्रोसेस झाला की ओपस येतो, प्लेअरवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्समध्ये ओपस २५१ दिसतं (२५१ हा यूट्यूबचा त्या दर्जाचा क्रमांक, बिटरेट नव्हे). पण मंडळींनी मोबाइलच्या माइकवर लाइव केलं असेल तर ओपस काय नि फ्लॅक काय, सगळं सारखंच. आणि चोवीस तासांचा अख्खा लाइव नंतर राहीलच याचा भरवसा नसतो, त्यामुळे हवं असलेलं पथक असेल तेवढे तास तरी लूपबॅकवर धरून ठेवा, लॅपटॉपचं स्लीप बंद करून. करंट गेला तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर बंद पडतो, त्याला इन्व्हर्टरवर घ्या.

आकाशवाणीचं नाट्यगीत असेल तर सरळ कॉपी, वरचा दर्जा, दहा मिनिटांचा भागाकार, एक नजर स्पेकवर, बस. अभिषेकीबुवांच्या काळातल्या टेपवरच्या रेकॉर्डिंगला याच्यापेक्षा जास्त खोदून हाती काही लागत नाही.

जुन्या तबकड्यांचं गाणं दोन स्टेशनांवर मिळतंय, एक ९६ एएसी म्हणतं नि दुसरं ३२० एमपीथ्री, तर खरखरीच्या रेघा बघा. ३२० वाल्याच्या १६ ला छाटलेल्या असतील आणि ९६ वाल्याच्या नसतील, तर डोळे मिटून ९६ घ्या. फक्त तो एचई नाही ना तेवढं मीडियाइन्फोत पाहून घ्या.

एकच पद्धत वापरायची असेल तर काय, असं विचारलं तर भागाकार, कारण त्यात मत येत नाही. दोन करता येत असतील तर भागाकार आणि स्पेक. बहुतेकांचं काम तिथेच भागतं, कान लावायचा तो या दोघांत पास झालेल्यांना.

नंतर ३२० ला कन्व्हर्ट करून ठेवू का असं विचारणारे असतात. ६४ चा स्ट्रीम ३२० ला केला तर फाइल पाचपट होते आणि आवाज अजून एकदा आवळला जातो. मूळ आलंय तसं ठेवा, एएसी असेल तर एएसी. कुवेतच्या भावाच्या गाडीत एएसी वाजत नसेल तर त्याच्यापुरती एमपीथ्री कॉपी काढा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइलीला हात लावू नका. सार्वजनिक अपलोड करण्याआधी मात्र गाण्याचे हक्क कुणाकडे आहेत ते बघा, घरी ऐकण्यापुरतं ठेवणं वेगळं आणि चॅनलवर टाकणं वेगळं.